फिरत्या आइस हॉकीपटूचा संसार : २०१७ ते २०२४

जुलै २०२४ मध्ये माझ्या नवऱ्याने व्यावसायिक आइस हॉकी सोडली. त्याचं नाव तुमच्या कानावर आलेलं असण्याचं काही कारण नाही. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, तो एक मिनिटही खेळला नाही. आधी अमेरिकेत दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या लीग आणि मग ब्रिटन, एवढंच त्याचं क्षेत्र. पण या खेळावर पोट भरणाऱ्यांत असेच लोक जास्त असतात, आणि त्यांचं घर कसं चालतं हे कोणी सांगत नाही.

हल्ली कॅनडातल्या मराठी घरांतून मला विचारणा होते. कोणाच्या भाच्याची ज्युनियर हॉकीत निवड झालेली असते आणि पुढचं काहीच कळत नसतं. एका मावशींनी तर थेट विचारलं, "मुलीने असाच एक खेळाडू पसंत केलाय, याचं पोट भरतं का गं?" भरतं. पण कसं, ते सांगायला जरा वेळ लागतो.

मी मूळची साताऱ्याची. २०१४ मध्ये फूड सायन्समध्ये एमएस्सी करायला कॅनडात सॅस्काटूनला आले. नवरा तिथल्याच सॅस्कॅचेवान प्रांतातल्या शेतकरी घरातला, जागा बचावपटूची. सोळाव्या वर्षापासून तो वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएचएलमध्ये, खेळत होता. या ज्युनियर लीगमध्ये वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात. त्या तिघांत त्याला जागा मिळाली नाही आणि एनएचएलच्या ड्राफ्टमध्येही, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथेही, कोणी नाव घेतलं नव्हतं. मात्र डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची विद्यापीठाची फी मिळते. तीन हंगाम खेळला, तीन वर्षांची फी सुटली, आणि २०१३ मध्ये तो विद्यापीठात दाखल होऊन तिथल्या संघातून खेळू लागला. भाच्याच्या पालकांनी हे कलम आधी वाचावं. शिष्यवृत्ती किती दिवसांत वापरायला सुरुवात करायची याची मुदत असते, आणि मधेच व्यावसायिक करार केला तर ती हातची जाऊ शकते.

हॉकीची उतरंड थोडक्यात अशी. वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल (अमेरिकन हॉकी लीग), त्याखाली ईसीएचएल. ईसीएचएल १९८८ मध्ये पाच संघांवर सुरू झाली, तेव्हा नाव 'ईस्ट कोस्ट हॉकी लीग' होतं. आता संघ पार आयडाहोपर्यंत पसरल्यामुळे नुसती आद्याक्षरं उरली आहेत. एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची संघटना एकच, पीएचपीए, १९६७ पासूनची. हे नाव लिहून ठेवा, पुढे लागेल.

मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाचा हंगाम संपला आणि आठवड्याभरात एजंटचा फोन आला. ईसीएचएलमधल्या एका संघाचे बचावपटू जायबंदी झाले होते, त्यांना हंगाम संपेपर्यंत माणूस हवा होता. याला 'अमॅच्युअर ट्रायआउट' म्हणतात. पगार नाही, राहण्या-जेवण्याची सोय संघाची. शेवटच्या सत्राची परीक्षा तोंडावर होती. प्राध्यापकांना भेटून दोन पेपर पुढे ढकलून घेतले आणि तो गेला. हे बिनपगारी आठवडे फुकट गेले असं तेव्हा वाटलं होतं. ऑगस्टमध्ये त्याच संघाने पूर्ण करार दिला, कारण कोचने त्याला प्रत्यक्ष पाहिलं होतं. चित्रफिती पाठवून जे होत नाही ते तिथे हजर राहिल्याने झालं.

करार आला म्हणजे नोकरी आली, असा माझा मराठी मध्यमवर्गीय समज. करारात आठवड्याचा पगार लिहिलेला होता, साधारण ५०० डॉलर, कर वजा व्हायच्या आधी. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे पगाराचे आठवडे सुमारे सव्वीस. वर्षाचा गुणाकार बाबांनी साताऱ्यात बसून केला आणि फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या पानावर होती : या कराराला हमी नसते. संघ खेळाडूला कधीही सोडू शकतो. त्या पानामुळे मी एक नियम धरला आणि तो शेवटपर्यंत पाळला. घराचा हिशोब हंगामाच्या लांबीवर करायचा नाही, किती तासांच्या नोटिशीवर बाहेर पडावं लागेल यावर करायचा.

व्हिसाचं काम संघानेच केलं. अमेरिकेत खेळाडूंना पी-१ दर्जा मिळतो. २००६ च्या कायद्यामुळे तो खालच्या लीगच्या खेळाडूंनाही मिळू लागला. संघाने अर्ज केला, जलद निकालाची १,२२५ डॉलर फीही संघानेच भरली. कॅनडाच्या नागरिकाला पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का लागत नाही. मंजुरीचं पत्र, म्हणजे आय-७९७, करार आणि पासपोर्ट घेऊन गेलं की पुरतं. त्याने कॅलगरी विमानतळावर अमेरिकी इमिग्रेशन उरकलं. पत्राची मूळ प्रत कुरिअरने यायची होती आणि हंगामाआधीचा सराव कॅम्प ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होता. ते दिवस आम्ही कुरिअरच्या ट्रॅकिंग पानाकडे बघत काढले. पुढे आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, ऑनलाइन उघडून तारीख बरोबर पडली आहे का तेही बघून घ्यायचं. ती चुकली तर मनस्ताप तुम्हाला, त्या अधिकाऱ्याला नाही.

पहिला हंगाम मी फोनवरून पाहिला. संघ सामान लावलेला फ्लॅट देतो, त्यात बहुधा दोघे-तिघे खेळाडू राहतात. भाडं, वीज यांचा खर्च नाही. स्टिक संघाची, दुकानात तीच ३०० डॉलरच्या घरात जाते, त्यामुळे ही सवलत लहान नाही. बाहेरगावी गेल्यावर रोजचा जेवणभत्ता. म्हणजे ५०० डॉलरमध्ये एकट्याचं भागतं, शिल्लक मात्र फारशी पडत नाही. लीगचे नियमित सामने ७२, आणि प्रवास बसने. आयडाहोतल्या बॉइझीहून टेक्ससमधल्या ॲलनपर्यंत रस्त्याने दीड हजार मैलांच्या आसपास अंतर आहे. त्या बसमध्ये झोपायच्या फळ्या असतात आणि कोणाला खालची, कोणाला वरची, हे ज्येष्ठतेवर ठरतं. नवऱ्याच्या मते त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत स्पष्ट बढती म्हणजे खालची फळी मिळणं.

सेंट्रल वेळेने संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात साताऱ्यात सकाळी साडेसहाला दिसतो. आई चहा घेऊन बसायची. हॉकी म्हणजे तिच्या लेखी ध्यानचंद आणि हिरवं मैदान; इथे बर्फावर माणसं एकमेकांना काचेवर आपटत होती. तिचा ठरलेला प्रश्न : "पंच आहेत ना तिथे?" एनएचएलच्या सामन्यांचं पंजाबी समालोचन कॅनडात २००८ पासून होतं. ती सॅस्काटूनला आली तेव्हा तेच लावलं, आणि ऑफसाइड तिला इंग्रजीपेक्षा त्यातून लवकर कळला.

जानेवारी २०१८ मध्ये एएचएलमधून बोलावणं आलं. दुपारी फोन, संध्याकाळचं विमान. याला 'प्रोफेशनल ट्रायआउट' म्हणतात. एका करारावर जास्तीत जास्त २५ सामने, आणि नको झालात की कोणत्याही दिवशी परत. पगार मात्र आठवड्याला तिपटीहून जास्त. हॉटेलात राहणं, एक बॅग. त्या काळात तो फार कमी बोलायचा. वरच्या संघातला जखमी बचावपटू बरा झाला की आपण जाणार हे रोज सकाळी माहीत असतं, आणि त्याच माणसाबरोबर नाश्ता करायचा असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो माणूस बरा झाला. नवरा खाली आला तो आपल्या जुन्या फ्लॅटवर. दोन आठवड्यांनी त्याला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात 'फ्युचर कन्सिडरेशन्स', म्हणजे त्या क्षणी काहीच नाही. मला हे अपमानकारक वाटलं. त्याला वाटलं नाही. नवीन संघाला बचावपटू हवा होता, त्यांनी फोन करून मागून घेतला, एवढंच त्याने त्यातून घेतलं. या धंद्यात मन असंच घडवावं लागतं, आणि माझं पूर्ण तसं कधीच झालं नाही.

जितके संघ तितकी राज्यं, म्हणजे वर्ष संपल्यावर पगाराचे आणि कापलेल्या कराचे तितके दाखले, 'डब्ल्यू-२'. जुन्या संघाचा कागद जुन्या फ्लॅटवर जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळीकडे टपालाचा कायमचा पत्ता एकच द्यावा. आम्ही सासूबाईंच्या शेतावरचा दिला. आणि कर भरायला अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडचे खेळाडू हाताळणारा हिशोबनीस घ्या. आम्ही वर्षाला सुमारे ४०० डॉलर दिले, आणि ते वसूल झाले.

जुलै २०१८ मध्ये लग्न केलं. भारतात परदेशी नागरिकाशी नोंदणी लग्न करायचं तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तिथला मुक्काम लागतो. ऑफ-सीझनचे पैसे मिळवून देणारे उन्हाळी हॉकी कॅम्प सोडून तेवढं राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून कायदेशीर लग्न सॅस्काटूनला आणि अक्षता साताऱ्यात. याचा दुसरा फायदा असा, की विवाह प्रमाणपत्र इंग्रजीत मिळालं आणि पुढे प्रत्येक वकिलातीत भाषांतर-नोटरीचं झंझट वाचलं. सात फुटांच्या जवळ जाईल असा जावई, दोन पुढचे दात खेळात गेलेले. आत्याने विचारलं, "हप्ता किती मिळतो म्हणालीस?" तिला आठवडी पगार हा शब्द मान्यच नव्हता.

माझ्याकडे तोवर कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, आलं होतं, पासपोर्ट भारतीयच. त्यामुळे मला पी-४ व्हिसाचा, म्हणजे पी-१ खेळाडूच्या जोडीदाराला मिळतो त्याचा, खरा शिक्का हवा होता. अर्ज, १९० डॉलर फी, कॅलगरीच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. नवऱ्याचं मंजुरीपत्र त्या वर्षी संघाकडून सप्टेंबर सरत आल्यावर मिळालं, म्हणून माझी तारीख त्याच्या कॅम्पनंतरची. तो आधी गेला, मी नोव्हेंबरच्या तोंडावर पोचले. मुलाखत पाच मिनिटांची झाली. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही तिथे काय करणार?" पी-४ वर काम करता येत नाही, शिकता येतं. मी सांगितलं, स्वयंपाक आणि ऑनलाइन कोर्स. खरंही तेच होतं. एमएस्सी झालेल्या बाईला हे पचवायला वेळ लागतो. ज्यांना पुढे या वाटेने जायचंय त्यांनी लग्नाआधी यावर मोकळेपणाने बोलून घ्यावं, पत्रिकेपेक्षा हे महत्त्वाचं. सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही, त्यामुळे मोबाइलच्या कनेक्शनपासून सगळं त्याच्या नावावर.

मी पोचले आणि कपाटात कपडे लावून होत नाहीत तोच त्याला वेव्हर्सवर टाकलं. चोवीस तासांत दुसऱ्या कोणी घेतलं तर तिकडे जायचं, नाही घेतलं तर मोकळा. त्या चोवीस तासांबद्दल फार लिहिणार नाही. आम्ही किराणा आणला नाही, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका संघाने घेतलं. दोन दिवसांत फ्लॅट रिकामा करून गाडीत कुकर, मसाल्याचा डबा, त्याची दोन किट बॅग्ज आणि मी, अशी वरात निघाली. हॉकीच्या ओल्या सामानाचा वास काय असतो हे अकरा-बारा तास बंद गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. नव्या गावात एका मराठी इंजिनिअरच्या घरी मार्गशीर्षातल्या गुरुवारी जेवायला बोलावणं आलं, फेसबुकवरून ओळख काढून. त्या माउलीने पुढे कितीतरी सामने पाहिले आणि एकही नियम समजून घेतला नाही.

आरोग्य विम्याचं सांगते. खेळाडूचा विमा हंगामात संघाकडून असतो. बायकोचा आहे का, असल्यास किती कापून घेतात, हे सही करायच्या आधी लेखी विचारायचं. कॅनडात परत येणाऱ्यांसाठी आणखी एक : प्रांताबाहेर किती महिने राहिलं की हेल्थ कार्ड बंद पडतं हे प्रांतागणिक वेगळं आहे. फोन करून नोंदवून जा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला. अशा वेळी लागू होतो तो त्या राज्याचा कामगार भरपाई कायदा, कारण खेळाडू हा शेवटी कामगारच. शस्त्रक्रियेचं बिल निघालं, पण आम्ही सॅस्काटूनला परतल्यावर फिजिओथेरपीच्या प्रत्येक टप्प्याला अमेरिकेतून आधी मंजुरी लागायची. मंजुरी यायला तीन-तीन आठवडे. खांदा काही तीन आठवडे थांबत नाही, म्हणून पहिले पैसे आम्ही खिशातून घातले. शेवटी पीएचपीएला मेल केला, त्यांनी त्या राज्यातला वकील गाठून दिला आणि जुलैपर्यंत बिलं वसूल झाली. दुखापत झाली त्याच रात्री ट्रेनरकडून लेखी नोंद करून घ्या. आणि हंगाम संपल्यावरच्या वैद्यकीय तपासणीत, घरी जायची घाई असली तरी, दुखणारा प्रत्येक अवयव त्या कागदावर आल्याशिवाय सही करू नका. खेळाडू लाजतात. 'थोडं दुखतंय' म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. नवऱ्याच्या वेळी ते मी बोलले.

२०१९-२० मध्ये तो परत उभा राहिला, आणि त्याच वर्षी एक वेगळा आकडा घरात फिरू लागला : २६०. ईसीएचएलमध्ये हंगामाच्या सुरुवातीला २६० किंवा त्याहून जास्त व्यावसायिक सामने ज्याच्या नावावर आहेत तो 'व्हेटरन', आणि असे चारच एका संघात ठेवता येतात (गोलरक्षक सोडून). लीग तरुणांना घडवण्यासाठी आहे, तेव्हा नियम समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ असा, की अनुभव वाढत गेला की दारं कमी होतात. आमच्याकडे हा अनुभव म्हणजे पगारवाढीचं कारण. तिथे एका मर्यादेनंतर ती अडचण. तो २०० च्या आसपास होता. एजंट म्हणाला, अजून एखादा हंगाम, मग युरोप बघू.

एखादा हंगामही मिळाला नाही. १२ मार्च २०२० ला एनएचएल थांबली, १४ मार्चला ईसीएचएलने उरलेला हंगाम रद्द केला. पगार १६ मार्चपर्यंतचा. कोणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. तिकीटविक्रीवर चालणारी लीग, प्रेक्षकच नाहीत. नॉर्थ डकोटातल्या पोर्टलच्या नाक्यावरून आम्ही सॅस्कॅचेवानमध्ये शिरलो, आणि दोनच दिवसांनी सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली. पुढचं वर्ष त्याने सासऱ्यांच्या शेतात पेरणी-कापणी केली, मी एका प्रयोगशाळेत नोकरी. खरं सांगायचं तर आमच्या संसारातलं पैशाने सर्वांत बरं वर्ष ते.

जून २०२१ मध्ये एजंटने ब्रिटनच्या एलीट आइस हॉकी लीगमधल्या एका क्लबचा प्रस्ताव आणला. दहा संघ, त्यात बेलफास्टही आणि स्कॉटलंडचे तीन. तिथेही २०२०-२१ चा हंगाम झाला नव्हता, त्यामुळे सगळेच नव्याने जुळवत होते. फ्लॅट, गाडी, आणि हातात येणारे आठवड्याला ४०० पौंडांच्या वर. आकड्यावर जाऊ नका, फ्लॅट-गाडी धरून ते अमेरिकेपेक्षा बरं होतं. मुख्य म्हणजे तिथे लोक आठ महिन्यांचा संघ बांधतात, दर आठवड्याला माणसं बदलत नाहीत.

कागद मात्र तिप्पट. एक, आंतरराष्ट्रीय हॉकी संघटनेचं ट्रान्स्फर कार्ड : जुन्या देशाची संघटना, नव्या देशाची संघटना आणि आंतरराष्ट्रीय संघटना, तिन्हींची संमती आल्याशिवाय बर्फावर उतरता येत नाही. क्लबच ते सुरू करतो, पण खेळाडूला मेलवर येणारी लिंक उघडून सही करावी लागते आणि ती मेल हमखास स्पॅममध्ये जाते. दोन, आइस हॉकी यूकेचं शिफारसपत्र, ज्यात आधी कोणत्या लीगमध्ये किती खेळलात ते पाहतात. तीन, क्लबचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर व्हिसा.

त्या वर्षी हा व्हिसा टी-५ नावाचा होता, फी २४४ पौंड. ऑक्टोबर २०२१ पासून तो 'इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन' झाला. फीपेक्षा जड जातो तो आरोग्य अधिभार, तेव्हा वर्षाला माणशी ६२४ पौंड. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो १,०३५ झाला आहे. व्हिसा आठ-नऊ महिन्यांचा असला तरी पूर्ण वर्षाचाच घेतात. त्याचे पैसे क्लबने दिले, माझे आम्ही. हे दर उन्हाळ्यात नव्याने, कारण करार दरवर्षी नवा. दुसऱ्या वर्षी आम्ही करारात 'जोडीदारासह' हा एक शब्द घालून घेतला आणि निम्मा खर्च वाचला. मी कॅनडात राहत असल्याने क्षयरोगाची तपासणी लागली नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यांना लागते, तिच्यासाठी वेळ धरा. बँकेत ठरावीक रक्कम २८ दिवस ठेवून दाखवावी लागते, पण क्लबने प्रमाणपत्रातच हमीची खूण केली तर तेही टळतं. ती खूण केली आहे का, हे विचारायला लाजू नका.

ब्रिटनमध्ये जोडीदाराला काम करता येतं. नोकरीला लागणारा नॅशनल इन्शुरन्स नंबर मिळाला आणि महिन्याभरात मी एका खाद्यपदार्थ तपासणी प्रयोगशाळेत अर्धवेळ रुजू झाले. ती तीन वर्षं आमची खरी संसाराची. शनिवार-रविवार सामने, मधल्या दिवसांत सराव. बेलफास्टला जायचं तर बस स्कॉटलंडच्या टोकावरून फेरीवर चढते. कर्कॉल्डीतला फाइफ फ्लायर्स हा १९३८ पासूनचा संघ. तिथलं जुनं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, बघून नवरा हरखला होता. प्रेक्षक गाणी म्हणतात, आणि सामन्यानंतर खेळाडू बारमध्ये येऊन त्यांच्याशी बोलतात. तिशीतल्या कॅनेडियन बचावपटूला तिथे मान आहे.

२८ ऑक्टोबर २०२३ ला शेफील्डमध्ये नॉटिंगहॅम पँथर्सचा ॲडम जॉन्सन सामना चालू असताना स्केटचं पातं मानेला लागून मरण पावला. २९ वर्षांचा, मिनेसोटाचा, पिट्सबर्गकडून एनएचएलमध्ये खेळलेला. नवरा त्या रात्री दुसऱ्या गावात होता. सगळ्या खेळाडूंच्या घरी फोन खणखणत होते. आईला कोणीतरी बातमी पाठवली, तिथे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि तिला नाव नीट कळलं नव्हतं. 'आपला नाही' हे सांगितल्यावर तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचं वाईटही वाटलं. आमचंही तेच.

लीगने १ जानेवारी २०२४ पासून नेक गार्ड, म्हणजे गळ्याभोवतीचं संरक्षक कवच, सक्तीचं केलं. तोवर दुकानांतून ते संपले होते. नवऱ्याने लहानपणी, सक्ती होती तोवर, घातलं होतं. मोठेपणी कोणीच घालत नव्हतं. त्याने सक्तीची वाट पाहिली नाही. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी मनगटाला आणि पोटरीलाही कापरोधक कापडाचे मोजे घ्यावेत, बूट-स्टिकच्या खर्चापुढे ते किरकोळ आहेत.

थांबायचं मात्र त्यामुळे ठरलं नाही, लोकांना तसं वाटतं म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये क्लबने पुढचा करार देऊ केला होता, थोड्या कमी पैशांचा. खांदा सकाळी वर व्हायला वेळ घेत होता, मी दुसऱ्या खंडात नोकऱ्या सुरू करून सोडून कंटाळले होते, आणि त्याला शाळेत शिकवायचं होतं. मे महिना आम्ही वजाबाक्या करत काढला. जुलैत त्याने एजंटला मेल लिहिला, दोन ओळींचा. निवृत्तीचा समारंभ वगैरे तारकांचा असतो. याच्या वाट्याला क्लबच्या पानावर एक फोटो आणि खाली शुभेच्छा, त्यातल्या कितीतरी अनोळखी लोकांच्या, नावानिशी आठवणी सांगणाऱ्या. त्या त्याने सगळ्या वाचल्या.

ब्रिटन सोडताना क्लबकडून पी-४५, म्हणजे नोकरी सोडतानाचा पगार-कराचा दाखला, घ्या आणि देश सोडत असल्याचं कळवणारा पी-८५ फॉर्म कर खात्याला भरा. करवर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मधेच निघालात तर थोडा कर परत मिळतो. आमचा डिसेंबरमध्ये आला. पगारातून कापलेली निवृत्तिवेतनाची छोटी रक्कम तिथेच राहते, तिचा खातेक्रमांक जपून ठेवा. संघाची गाडी परत करताना प्रत्येक बाजूचे फोटो काढा.

तो आता सॅस्काटूनला बी.एड. करतो आहे. माझं एक काम राहिलंय. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, आणि कॅनेडियन नवऱ्याबरोबर परदेशात काढलेले दिवस त्यात धरतात, त्यामुळे पीआर शाबूत राहिलं. नागरिकत्वाला मात्र पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात असावं लागतं, आणि तिथे नवऱ्याचं नागरिकत्व कामाला येत नाही. म्हणजे ब्रिटनचे सगळे हिवाळे माझ्या खात्यातून वजा. आमच्यासारख्या जोडप्यांना हा फरक कोणी आधी सांगत नाही, निदान आम्हाला सांगितला नव्हता. सरकारी संकेतस्थळावर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर आहे. प्रत्येक ये-जा त्याच आठवड्यात त्यात टाकत गेलात तर नंतर बोर्डिंग पास धुंडाळावे लागत नाहीत. माझे दिवस या नोव्हेंबरात भरतात. अर्जाची फी सुमारे ६५० डॉलर.